दार कुणीकडे उघडतं

भिंत पाडायला दोन दिवस लागले, चौकट बसवायला एक आणि दार लावायला एक. पण त्या दाराच्या कुठल्या बाहीवर मेझुझा ठोकायचा, हे ठरवायला पेझारकरांना अकरा दिवस पुरले नाहीत. बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, मलिद्याच्या प्रार्थनेला आणि प्रसादाला माणसं यायची वेळ झाली तरी एझ्रा हातोडी घेऊन दारात उभाच होता. सानपाड्याच्या त्या सोसायटीत एवढा वेळ हातोडी घेऊन एकही खिळा न ठोकणारा माणूस तो पहिलाच असेल.

"न्हावा शेव्याला रोज शंभर कंटेनर सोडवतो मी," तो म्हणाला. "कुठला माल आत आला आणि कुठला बाहेर चालला, कधी प्रश्न पडला नाही. आणि इथे माझ्याच घरात आयात कुठली नि निर्यात कुठली, काही कळेना!"

"तुमच्या घरात म्हणजे कुठल्या?" मलिद्याचे पोहे भिजवता भिजवता त्याच्या बायकोने, अबीगेलने विचारलं. "तेच तर ठरवायचंय ना!"

पलीकडे त्याची वहिनी लेआ खोबरं खवत होती. तिने विळी जरा जास्तच जोरात चालवली.

आता मेझुझा काही पेझारकरांसारख्या बेने इस्राएल ज्यू घराण्याला नवा नव्हता. चर्मपत्राच्या चतकोर तुकड्यावर हाताने लिहिलेली शेमाची प्रार्थना, त्याची सुरळी करून डबीत घातलेली, आणि ती डबी दाराच्या बाहीवर, आत शिरणाऱ्याच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीला, थोडी तिरकी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटांचा मुका घ्यायचा. रेवदंड्याला असताना लावत होते, भायखळ्याच्या चाळीत लावत होते, सानपाड्यातही लावत होते. आत शिरताना उजवीकडे, इथवर कुणाचं भांडण नव्हतं.

पण हे दार रस्त्यावरून घरात शिरायचं नव्हतं, दोन घरांच्या मधलं होतं. तीनशे एक लेआचं, तीनशे दोन तिच्या दिराचं. लेआकडून पलीकडे गेलं तर उजवी बाही खिडकीकडची. पलीकडून लेआकडे आलं तर उजवी बाही मोरीकडची. म्हणजे जी बाही धरावी, त्यावरून ठरणार की 'आत' कुठे आहे. जे आत, ते घर. आणि जे उरलं ते?

"पॅसेज!" भिंत पडली त्या दिवशी अबीगेल हसत म्हणाली होती. "ताई, तुमचा हॉल म्हणजे आता आमचा पॅसेजच झाला की!"

सगळे हसले होते, लेआही हसली होती. पण तो शब्द तिच्या मनात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता, गिळताही येईना आणि काढताही येईना.

नवऱ्याला, रूबेनला, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी हॅना इस्राएलात अश्दोदला, तिचं दर आठवड्याला एकच पालुपद: "ये ना मम्मी इकडे, तिकडे एकटी काय करतेस?" एकटी काय करते म्हणजे काय? बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवते. पण संध्याकाळी मशीन बंद केलं की घर एवढं गप्प व्हायचं, की फ्रिजचा आवाजही सोबतीला बरा वाटायचा. एझ्राने शेजारचा फ्लॅट घेतला, मधली भिंत पाडायची म्हटलं, तेव्हा लेआ हो म्हणाली. नाही कशाला म्हणायचं? आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, कुणालाही न सांगता, तिने श्यामसुंदर एजंटला फोन केला. उद्या सकाळी अकरा वाजता तो गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

म्हणजे घर विकायचंच असं नाही. नुसतं बघू. असं तिने स्वतःला चारदा सांगितलं होतं.

घर दुसऱ्या धर्माच्या माणसाला द्यायचं तर मेझुझा काढून न्यावा लागतो, हे तिला माहीत होतं. म्हणून गुरुवारी भर दुपारी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन आपल्या पुढच्या दाराशी उभी राहिली. रूबेनने लावलेली पितळी डबी. पण सत्तावीस वर्षांत त्या दाराला चारदा ऑइलपेंट झालेला, आणि प्रत्येक वेळी रंगाऱ्याने डबीही मायेने रंगवलेली. स्क्रूची खाचच बुजून गेली होती. तिने खूप जोर लावला, पण स्क्रू जागचा हलला नाही. मग ती तिथेच चपलांच्या स्टँडवर बसून रडली आणि उठून वरच्या मजल्यावरच्या अस्मिताच्या ब्लाउजला अस्तर लावायला बसली.

"अगं, दोन्हीकडे ठोका ना!" उंबऱ्यातून आवाज आला. सिम्हाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. भिंत पडल्यापासून त्यांनी आपली आरामखुर्ची बरोबर मधल्या उंबऱ्याजवळ आणून ठेवली होती. झोपायच्या एझ्राकडे, जेवायच्या लेआकडे, आणि कान दोन्हीकडे. "एक इकडे, एक तिकडे. देवाकडे काय मेझुझांचा तुटवडा आहे?"

"मग बरंच झालं आई," एझ्रा म्हणाला. "दोन्ही भावजया, दोन्ही मेझुझा."

"मी भावजय कुणाची हो?" अबीगेल उसळली. "मी तुमची बायको!"

"तेच ते. घाबरल्यावर माणसाचं नातं चुकतं."

सिम्हाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. लेआलाही हसू आलं, पण तिने ते नारळाच्या कवटीत दडवलं.

भांडणाला आणखी एक कारण होतं. दार आधी एझ्राच्या बाजूला उघडायचं. मंगळवारी लेआ अस्तर आणायला वाशीला गेली, आणि येऊन बघते तो काय? दार उलटं बसवलेलं! आता ते तिच्या हॉलमध्ये उघडायचं, आणि उघडायचं तेही अर्धंच, कारण मागे तिचं शिलाई मशीन. ढकललं की ठक्क.

"अबी, हे काय गं?"

"अहो, आमच्याकडे उघडलं की सोफ्याला लागत होतं. नवा सोफा आहे ताई! तुम्ही मशीन जरा सरकवा ना."

"मशीन गेली सत्तावीस वर्षं तिथंच आहे. उजेड येतो तिथे."

"बरं बाई, नका सरकवू. आम्ही अर्ध्या दारातून तिरके येऊ."

पाच दिवस अख्खं कुटुंब तिरकं येत-जात होतं. आपल्या घराचा पॅसेज झाला आणि दारसुद्धा आपल्याच अंगावर उघडतं, हे लेआच्या मनातून काही जाईना. आपण मशीन सरकवणार नाही, एवढंच तिच्या हाती उरलं होतं, आणि ते तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

चार वाजता पनवेलहून हज्जान, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, आले. शालोमकाका, सत्तरीचे, टोपी सरळ आणि चष्मा वाकडा. त्यांच्यामागून पनवेलचे, ठाण्याचे मिळून दहा पुरुष जमले. शिरवण्याहून भैरू सुतारही आला होता, दाराची कड घासतेय म्हणून रंधा घेऊन. मलिद्याचा वास आल्यावर त्याने रंधा बाजूला ठेवला आणि जोडे काढून कोपऱ्यात बसला.

हज्जानांनी पाणी घेतलं आणि हॅनाने अश्दोदहून पाठवलेली चर्मपत्राची सुरळी उलगडून, ओळीवरून बोट न टेकवता, अक्षर अन् अक्षर वाचून पाहिली. मग म्हणाले, "पत्र उत्तम आहे. भांडण काय आहे?"

"भांडण कुठे?" अबीगेल पुढे झाली. "साधा हिशेब आहे काका. आमचं किचन मोठं. सणावाराचं जेवण आमच्याकडे. टीव्ही आमच्याकडे. आई झोपतात आमच्याकडे. मग मुख्य घर कुठलं?"

"मी जेवते हिच्याकडे," सिम्हाबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधेच बसलेय, पडू कशाला?"

"आणि लेआबाई, तुमचं काय म्हणणं?" हज्जानांनी विचारलं.

लेआच्या मनात पुष्कळ होतं. की या इमारतीत पेझारकरांचं पहिलं पाऊल रूबेनचं. की एझ्रा लग्नानंतर तीन वर्षं याच हॉलमध्ये राहिला, आणि अबीगेलचं पहिलं बाळंतपण याच खोलीत झालं. पण हे असं दहा माणसांत बोलून दाखवायचं म्हणजे वाढलेल्या जेवणाची आठवण करून देणं. ती म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. धर्म सांगेल तसं."

"मग दोन्ही बाजूंना लावून टाका काका," एझ्रा म्हणाला. "आईचा पण तोच निकाल आहे."

"एका दाराला दोन मेझुझा म्हणजे एका बसला दोन कंडक्टर. तिकीट कोण फाडणार?" हज्जान उठले, चष्मा काढून पुसला, परत वाकडाच लावला. "हे बघा. दोन्ही घरांना बाहेरून आपापलं दार असलं, तर मधल्या दाराला शास्त्र एकच गोष्ट विचारतं. किचन विचारत नाही, टीव्ही विचारत नाही. दार कुणीकडे उघडतं?"

सगळे दाराकडे बघायला लागले. हज्जानांनी एझ्राच्या बाजूने बोटाने दार ढकललं. ते लेआच्या हॉलमध्ये उघडलं आणि मशीनला लागलं. ठक्क.

"ज्या घरात दार उघडतं, ते घर 'आत'. म्हणजे इकडून तिकडे जाताना उजवी बाही. ही, मोरीकडची. लेआबाईंचं घर मुख्य." आणि बोलता बोलता त्यांनी का कोण जाणे, अबीगेलकडे बघितलं.

एझ्रा खो खो हसत सुटला. "अबी! सोफा वाचवलास आणि किल्ला घालवलास!"

"अरे देवा!" अबीगेलने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी माझ्याच हाताने..."

"आता पॅसेज कुणाचा गं?" सिम्हाबाईंनी विचारलं. ठाण्याचे पाहुणे, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तेही हसले.

लेआला वाटलं होतं, असं काही झालं तर फार बरं वाटेल. वाटलंही, पण जेमतेम मिनिटभर. कारण हज्जानांनी डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ज्याचं घर त्याने लावायचा. म्हणा ब्राखा."

ज्या घराला उद्या अकरा वाजता गिऱ्हाईक येणार, त्या घराच्या नावाने ब्राखा, ती आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची? देवाच्या नावाने? लेआने डबी एझ्रापुढे धरली.

"भावजी, तुम्हीच ठोका."

"वहिनी, मी कोण? मी पॅसेजवाला."

"तर काय!" अबीगेल म्हणाली. "अकरा दिवस तोंड फुगवून बसल्या, आणि जिंकल्यावर लाजतात. म्हणा ताई. किती वेळ दहा माणसांना ताटकळत ठेवाल? पोह्यांचा लगदा होतोय."

लेआने अबीगेलकडे पाहिलं. ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. ते विनवत असल्यासारखे वाटले. छे, हिचे डोळे कसले विनवतात! लेआने डबी बाहीवर धरली, जरा तिरकी केली, आणि ब्राखा म्हटली. शेवटच्या शब्दांना, लिकबोआ मेझुझा, तिचा आवाज फाटला. दहा जणांनी आमेन म्हटलं. एझ्राने हातोडी दिली, आणि बारा दिवस तहकूब राहिलेले दोन खिळे एका मिनिटात बसले.

मग मलिदा झाला. परातीत पोहे, गूळ, खोबरं, वेलची. भोवती केळी, खजूर, सफरचंदं. एलियाहू हन्नाबीचं, एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन पुरुषांनी गाणं म्हटलं. एझ्रा नेहमीप्रमाणे अर्धा सूर वर, सिम्हाबाई नेहमीप्रमाणे एक ओळ मागे. लेआ वाटत फिरली. कोपऱ्यात भैरूसमोर तिने ताटली ठेवली, वर जास्तीचं केळं ठेवलं.

"दार मस्त बसलंय भैरू."

"न्हाई म्हंजे, दोनदा बसिवलंय बाई, बसंल न्हाई तर काय!" भैरू पोह्यांचा घास घेत म्हणाला. "येक डाव हिकडनं, येक डाव तिकडनं. म्या इचारलं, वयनी, उलटं कशापायी? म्हनल्या सोफा. आवं, सोफ्याला तर हातभर जागा हाय! मी मापून दावली. पर ऐकत्यात व्हय?"

लेआचा हात थांबला. "हातभर जागा?"

"तर! आदी ह्या गुरुजींना फोन लावला त्यांनी, माज्या म्होरंच. इचारलं, दार कुनीकडं उघडलं तर कुनाचं घर म्होरलं धरत्यात? आन् मग मला म्हनल्या, भैरू, ह्ये आत्ता काढ आन् ताईंच्या अंगाला उघडंल असं बसीव. आन् ताईंना बोलू नगंस, म्हनल्या..." घास त्याच्या तोंडातच राहिला. "बोललो का काय मी?"

"नाही," लेआ म्हणाली. "काही बोलला नाहीस. खा."

ती दारापाशी गेली. चौकटीच्या एझ्राकडच्या कडेला जुन्या बिजागऱ्यांची भोकं होती, पुट्टी भरून गुळगुळीत केलेली, वर पॉलिश. मुद्दाम बघितलं तरच दिसतील अशी. लेआने त्यावरून बोट फिरवलं आणि तशीच वळून अबीगेलच्या किचनमध्ये शिरली.

अबीगेल सिंकशी परात घासत होती.

"सोफा कसा आहे गं अबी?"

"मऊ आहे. बसा ना जाऊन."

"दारापासून हातभर लांब आहे म्हणे."

परात घासणारा हात थांबला. "मेला भैरू," अबीगेल म्हणाली. "पोह्यांबरोबर गुपितही खाऊन टाकायचं ना, तर नाही."

"का केलंस?"

अबीगेलने नळ बंद केला. वळली नाही. "तुमचा तो श्यामसुंदर. मागच्या सोमवारी तुमची बेल समजून आमची वाजवली त्याने. पाटीवर दोन्हीकडे पेझारकर. म्हणाला, फ्लॅट बघायचाय, पुढच्या सोमवारी अकराला पार्टी आणणार आहे, मॅडमना सांगा. मी म्हटलं, सांगते."

लेआ म्हणाली, "मग मला विचारायचंस ना."

"विचारणार होते. दोनदा आले. पहिल्या वेळी तुम्ही हॅनाशी फोनवर बोलत होतात. दुसऱ्या वेळी, गुरुवारी, तुम्ही चपलांच्या स्टँडवर बसून रडत होतात. मी जिन्यावरूनच परत गेले." आता ती वळली. डोळे भरले होते आणि नाक लाल झालं होतं. "ताई, मला तोंडावर 'जाऊ नका' म्हणता येत नाही हो. जीभच वळत नाही. भांडायला बरी वळते. मी पॅसेज म्हणाले ना, तेव्हाच तुमचं तोंड बघून मला कळलं. तीन वर्षं ज्या घरात मला पोटभर जेवू घातलं, त्याला मी पॅसेज म्हणाले! म्हटलं, आता देवाकडूनच वदवून घ्यावं, आत कोण आणि बाहेर कोण ते. माझं तुम्ही ऐकणार नाही, त्याचं ऐकाल."

"आणि ते किचन मोठं, टीव्ही आमच्याकडे, ते सगळं?"

"मी भांडले नसते तर तुम्हाला संशय नसता आला?"

लेआ हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. दोघी सिंकपाशी उभ्या राहून रडल्या, साबणाच्या हातांनीच एकमेकींना धरून.

"आता गेलात तर मी भांडू कुणाशी?" अबीगेल नाक पुसत म्हणाली. "एझ्राशी? तो पहिल्याच वाक्याला हो म्हणतो."

"काय रडारड चाललीय गं?" सिम्हाबाईंचा आवाज आला. "आणि रडायचंच असेल तर उंबऱ्याजवळ या, मला नीट ऐकू येत नाही."

"उद्या अकराला येणार ना तो?" अबीगेलने हळूच विचारलं. "परत माझीच बेल वाजवेल. काय सांगू?"

लेआने डोळे पुसले. ती आपल्या हॉलमध्ये आली, मशीनवरचा अस्मिताचा ब्लाउज उचलून खुंटीला अडकवलं, आणि मशीनची एक बाजू धरली.

"नुसती बघतेस काय? दुसरी बाजू धर."

"अगं बाई, उजेडाचं काय?"

"पलीकडच्या खिडकीतूनही येतो उजेड. धर म्हणते ना!"

दोघींनी मिळून मशीन ओढलं. सत्तावीस वर्षांत ते जागचं हललं नव्हतं. खाली चार पायांचे चार पांढरे गोल उमटले होते. "किती जड आहे हो!" अबीगेल धापा टाकत म्हणाली. "तुझ्या जिभेपेक्षा हलकं आहे," लेआ म्हणाली. मग तिने मागे होऊन दार ढकललं. या वेळी ठक्क झालं नाही. दार सरळ भिंतीपर्यंत गेलं, आणि पलीकडच्या हॉलमधले सगळे, भैरू धरून, एकदम दिसले.

"त्याला सांग," लेआ म्हणाली, "घर बघायचं असेल तर बघून जा म्हणावं. मलिदा उरलाय."

अबीगेल पलीकडे गेली, वळली, आणि या खेपेला सरळ चालत आत आली. येताना तिने उजव्या हाताची बोटं नव्या डबीला लावली आणि ओठांना लावली.